मैदानावरचा गडी

(मुलुंड येथे प्रौढांच्या वर्गापुढे केलेले भाषण)



आपल्या मराठीत 'गडी' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. घरी किंवा शेतावर पगाराने राबतो तो गडी. आणि हुतुतूत, खो-खोत, क्रिकेटात खेळतो तोही गडी. क्रिकेटच्या बातम्यांत "इतके गडी बाद झाले" असे आपण नेहमी ऐकतो. आज मी ज्याची हकिकत सांगणार आहे तो माणूस दोन्ही अर्थांनी गडी होता. महिना तीन रुपयांवर तो मैदान झाडायला राहिला. पुढे त्याच कामातून तो हिंदुस्थानातला पहिल्या प्रतीचा गोलंदाज झाला. त्याचे नाव बाळू पालवणकर.

पालवणकर म्हणजे मूळचे पालवण गावचे. गाव कोकणातले. जात चर्मकार. त्या काळी या जातीला अस्पृश्य मानीत. गावात राहायचे तर वेशीबाहेर राहायचे, आणि विहिरीवर गेले तर दुसऱ्याने वरून ओतलेले पाणी घ्यायचे. हे तुमच्यातल्या म्हाताऱ्या माणसांना मी सांगायला नको. लष्कराची नोकरी ही गावाबाहेर पडण्याची एक वाट होती. बाळूचे वडील त्या वाटेने गेले. १८७६ साली बाळूचा जन्म झाला, तो धारवाडला. तिथून ते कुटुंब पुण्यास आले.

पुण्याला गोऱ्या पलटणी होत्या. गोरे अंमलदार संध्याकाळी क्रिकेट खेळत. मोडकी बॅट, फाटका चेंडू ते टाकून देत. तेच सामान घेऊन बाळू आणि त्याचा धाकटा भाऊ शिवराम खेळायला शिकले. पुढे आणखी दोघे भाऊ खेळू लागले, गणपत आणि विठ्ठल. चौघेही पुढे नावाजले. एका घरातले चार भाऊ, आणि चौघे मोठ्या सामन्यांत खेळले, हे आजही नवलाचेच आहे.

पण पोट खेळाने भरत नाही. घरची गरिबी. बाळू लहानपणीच कामाला लागला. पुण्यात पारशी लोकांचा एक क्रिकेट क्लब होता. आपल्या लोकांत हा खेळ सर्वांत आधी पारशांनी उचलला. १८४८ सालीच मुंबईत त्यांचा क्लब निघाला होता. तर या पुण्याच्या पारशी क्लबात बाळू नोकरीस राहिला. काम काय? मैदान झाडायचे, खेळपट्टीवर रूळ फिरवायचा, आणि सभासदांना सराव करायचा असला म्हणजे त्यांच्यापुढे चेंडू टाकायचा. पगार महिना ३ रुपये.

आपण हिशेब शिकतो आहोत, तर हा हिशेब करून बघा. तेव्हा १६ आण्यांचा रुपया होता. ३ रुपयांचे ४८ आणे झाले. महिन्याचे दिवस ३०. म्हणजे दिवसाला दीड आण्याहून थोडे जास्त.

१८९२ च्या सुमारास बाळूने ही नोकरी सोडली आणि तो गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात गेला. पगार १ रुपयाने वाढला, ४ रुपये झाला. काम तेच. खेळपट्टीवर रूळ फिरवणे, चुन्याच्या रेघा आखणे, सरावाची जाळी ताणून बांधणे, टेनिसची जागा ठीक करणे. तिथल्या एका साहेबाने या पोऱ्याचा हात पाहिला आणि त्याला जाळीत गोलंदाजी करायला लावले. बाळू डाव्या हाताने चेंडू टाकी. वेग फार नसे. पण चेंडू भुईला टेकला की कधी आत वळे, कधी बाहेर जाई, कधी सरळच निघे. फलंदाजाने वाट एकीकडे पाहावी आणि चेंडू दुसरीकडूनच यावा!

त्या क्लबात कॅप्टन ग्रेग नावाचा नामांकित फलंदाज होता. लोक त्याला 'जंगली' ग्रेग म्हणत. तो इतरांच्या आधी एक तास मैदानावर येई आणि बाळूकडून चेंडू टाकून घेई. असे सांगतात, की बाळूने त्याला एकदा बाद केले की तो ८ आणे देई. आता पुन्हा हिशेब करा. ४ रुपयांचे आणे ६४. म्हणजे महिन्यात ८ वेळा ग्रेगसाहेबाला बाद केले की पगाराइतकी रक्कम सुटली! माझी खात्री आहे, की इतक्या चुरशीची शाळा कुठल्याच गोलंदाजाला मिळाली नसेल. रोज चेंडू टाकायचा, आणि तोही सर्वांत चांगल्या फलंदाजापुढे.

मात्र बॅट? क्लबात बाळूच्या हातात कोणी बॅट दिली नाही. गोलंदाजी हे घाम गाळण्याचे काम. ते गड्याने करावे. बॅट साहेबाने धरावी.

इथे थोडे विलायतेकडे वळतो, कारण ही रीत तिथून आली. तिथे क्रिकेटात दोन वर्ग होते. हौसेने खेळणारा तो 'जंटलमन'. पैसे घेऊन खेळणारा तो नुसता 'प्लेअर'. एकाच संघात असले तरी दोघांच्या कपडे बदलण्याच्या खोल्या निराळ्या, कित्येक ठिकाणी मैदानात उतरण्याचे दरवाजेही निराळे. हा भेद कागदोपत्री मिटला तो १९६२ साली. फुटबॉलचेही तसेच. गिरणीतले आणि खाणीतले मजूर तो खेळ खेळू लागले. एक दिवस कामाला दांडी मारली तर त्यांची मजुरी बुडे. मग चोरून पैसे घेणे सुरू झाले. शेवटी १८८५ साली विलायतेत फुटबॉलपटूला उघडपणे पैसे घ्यायची मुभा मिळाली. तेव्हा खेळाची मजुरी मागणे म्हणजे हलके काम, असे श्रीमंतांना वाटे. ज्याच्या घरी भाकरी तयार आहे, त्याला तसे वाटणारच.

बाळूच्या वाट्याला मात्र दुहेरी हलकेपणा होता. एक मजुरीचा, दुसरा जातीचा.

त्या सुमारास पुण्याच्या हिंदू क्लबाने साहेबांच्या क्लबाशी सामना ठरवला. आता प्रश्न पडला, की बाळूला घ्यायचे की नाही? त्याच्याइतका चांगला गोलंदाज कोणाकडे नाही, हे सगळ्यांना ठाऊक. क्लबातले तेलुगू सभासद म्हणाले, घ्या. ब्राह्मण सभासद म्हणाले, नको. तेव्हा ग्रेगने वर्तमानपत्रात मत दिले, की असा गोलंदाज हातचा घालवणारे हिंदू मूर्ख ठरतील. ग्रेगला बाळूचा कळवळा किती होता आणि चांगल्या गोलंदाजाशी झुंज देण्याची हौस किती होती, हे देव जाणे. पण बाळूची निवड झाली.

आता नीट ऐका. मैदानावर अकराही जण एकच चेंडू हाताळीत होते. बाळूने टाकलेला चेंडू झेलायचा, पुसायचा, परत त्याच्या हातात द्यायचा. यात कोणाला विटाळ झाला नाही. आणि चेंडू कशाचा? चामड्याचा! पण चहाची वेळ झाली की बाकीचे आत बसत आणि बाळू बाहेर उभा. त्याला चहा मातीच्या भांड्यात मिळे. पिऊन झाला की भांडे फेकून द्यायचे. जेवणाचे ताट वेगळे, मेज वेगळे. तोंड धुवायला पाणी हवे असले तर ते अस्पृश्य नोकरानेच आणून द्यायचे. सामना जिंकून देणारा माणूस, आणि त्याच्या हाताचा पेला चालत नाही! मी जन्मभर मुलांना गणित शिकवले, पण हे गणित मला कधी सुटले नाही.

तो सामना हिंदू क्लबाने जिंकला. पुढे साताऱ्याच्या साहेबांशी सामना ठरला. त्यांनी बाळूची कीर्ती ऐकलेली. त्यांनी युक्ती केली. आठवडाभर खेळपट्टीवर रूळ फिरवीत राहिले. तुम्ही शेतकरी आहात, तुम्हाला हे लगेच समजेल. खळे करताना जमीन चोपून चोपून टणक करतात ना, तशी खेळपट्टी केली. अशा टणक जमिनीवर चेंडू वळत नाही, सरळ येतो आणि फलंदाज तो आरामात मारतो. पण ज्याने लहानपणापासून स्वतः रूळ ओढला, त्याला रुळाची भीती ती काय! त्या सामन्यात बाळूने ७ गडी बाद केले.

पुण्यात सत्कार झाला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे त्या वेळी हयात होते. त्यांनी बाळूला हार घातला, आणि बाकीच्या खेळाडूंना सुनावले, की तुम्ही याच्याबरोबर खेळता, तर याच्याबरोबर खाण्यापिण्यास काय हरकत आहे? लोकमान्य टिळकांनीही बाळूचे कौतुक केले. इतका वेळ मी 'बाळू' आणि 'तो' असे म्हणत आलो. यापुढे 'ते' म्हणतो.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला, मग पुण्यात. गावेच्या गावे माळावर झोपड्या घालून राहिली. त्याच सुमारास बाळू मुंबईस आले. बी. बी. सी. आय. रेल्वेत त्यांना नोकरी मिळाली. ही रेल्वे म्हणजे आताची पश्चिम रेल्वे, दादर, अंधेरी, बोरिवलीवरून जाते ती. रेल्वेच्या संघातून ते खेळू लागले. नोकरी रेल्वेची आणि खेळही रेल्वेचा. खेळाच्या जोरावर नोकरी मिळण्याची ही सोय पुढे कितीतरी गरीब मुलांना तारून गेली. आपल्या उपनगरांतही रेल्वेत, बँकेत, पोलिसांत खेळाडू म्हणून लागलेली माणसे तुम्हाला भेटतील.

मुंबईत हिंदू जिमखाना नुकताच निघाला होता. तुम्ही कधी चर्चगेटला जाल तेव्हा चर्नी रोड ते मरीन लाइन्स या टप्प्यात समुद्राच्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघा. ओळीने मैदाने दिसतील. हिंदूंचा जिमखाना, पारशांचा जिमखाना, मुसलमानांचा जिमखाना. त्या वेळी संघ धर्माने पाडलेले होते, आणि सामनेही तसेच होत. हिंदू जिमखान्यातही काही सभासदांनी आधी नाक मुरडले. पण बाळू आले, मागोमाग शिवराम आले. आणि मुंबईत एक गोष्ट बदलली. इथे ते दोघे भाऊ इतरांबरोबर एकाच जागी जेवू लागले. पुण्याचे ते मातीचे भांडे मुंबईत सुटले.

१९०६ च्या फेब्रुवारीत हिंदू आणि गोरे यांचा मोठा सामना झाला. हिंदूंच्या पहिल्या डावात २४२ धावा, दुसऱ्यात १६०. गोऱ्यांच्या १९१ आणि १०२. घरी जाऊन बेरीज-वजाबाकी करा, हिंदू १०९ धावांनी जिंकले असे उत्तर आले पाहिजे. राज्य साहेबाचे, खेळ साहेबाचा, आणि हरला साहेब! मुंबईत केवढा आनंद झाला असेल याची कल्पना करा. त्या संघात पालवणचे दोघे भाऊ होते.

मग १९११ साल आले. हिंदू, पारशी, मुसलमान असा सगळ्यांचा मिळून एक संघ विलायतेला निघाला. कप्तान पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग. बोटीत एकीकडे संस्थानिक, आणि त्यांच्याच संघात पूर्वी ४ रुपये पगारावर रूळ ओढलेला माणूस. बाळूंचे वय तेव्हा ३५. खांदा दुखत होता. संघ कच्चा होता, खरे सांगायचे तर. २३ सामने झाले, त्यांतले १५ हरले आणि ६ जिंकले. पण बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ गडी बाद केले! एका गड्यामागे १९ हूनही कमी धावा दिल्या. केंब्रिजच्या विद्यापीठाविरुद्ध त्यांनी एकाच डावात ८ जण बाद केले. शिवरामांनीही नाव राखले. सॉमरसेट या परगण्याविरुद्धच्या सामन्यात शेवटचीच जोडी उरली होती. शिवराम ११३ धावा काढून नाबाद राहिले आणि एक गडी राखून सामना जिंकला. ज्या भावांना क्लबात कोणी बॅट देत नव्हते, त्यांच्यापैकी एकाने विलायतेत शतक ठोकले.

परत आल्यावर मुंबईत सत्कार झाले. दलित समाजाला तर आभाळ ठेंगणे झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा कॉलेजात शिकत होते. त्यांनाही बाळूंचा फार अभिमान होता.

आता कप्तानाचा प्रश्न. कप्तान म्हणजे संघाचा कारभारी. कोणी केव्हा चेंडू टाकायचा, कोणी कुठे उभे राहायचे, ते तो सांगतो, आणि बाकीच्यांनी ऐकायचे असते. हिंदू संघात बाळूंइतका जुना आणि जाणता खेळाडू दुसरा नव्हता. पण दरवर्षी कमिटी बसे आणि दरवर्षी दुसऱ्याचे नाव निघे. १९१३ साली एम. डी. पै कप्तान झाले. ते भला माणूस. भर समारंभात ते म्हणाले, की हा मान माझे मित्र बाळू यांना मिळायला हवा होता. पै तसे म्हणाले खरे, पण कमिटी हलली नाही. बाळूंच्या हातचा चहा एव्हाना चालत होता, बाळूंचा हुकूम चालत नव्हता.

१९२० साली भाऊ भडकले. बाळूंना पहिल्या सामन्यातून वगळले आणि कप्तानपद पुन्हा दुसऱ्याकडे गेले. शिवराम आणि विठ्ठल यांनी सांगितले, आम्ही खेळत नाही. आणि का खेळत नाही, ते त्यांनी लेखी जाहीर केले. आम्ही खालच्या जातीचे म्हणून आमचा अपमान होतो, हे त्यांनी झाकून ठेवले नाही. मला विचाराल तर ११४ गडी बाद करण्यापेक्षा ही गोष्ट अवघड होती. बाद केल्यावर टाळ्या पडतात. असे लिहून दिल्यावर पुन्हा कधी बोलावतील की नाही, याचीही शाश्वती नसते. या वेळी मात्र लोकांत बोलणे झाले, कमिटी नमली. पुढच्या सामन्याला भाऊ परत आले, बाळूंना उपकप्तान केले. कप्तान होते पै. ते मधून मधून मुद्दाम मैदानाबाहेर जात, म्हणजे तेवढा वेळ बाळूंचा हुकूम चाले. बाळूंना मिळाले ते एवढेच. तेव्हा त्यांचे वय ४४ होते.

१९२३ साली हिंदू संघाचा कप्तान झाला तो विठ्ठल, सर्वांत धाकटा भाऊ. त्या वर्षी त्याच्या संघाने गोऱ्यांना हरवून स्पर्धा जिंकली, आणि लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन मिरवले. खांद्यावर घेणाऱ्यांनी त्या दिवशी जात विचारली नाही. १९२५ आणि १९२६ साली पुन्हा विठ्ठलच्याच हाताखाली हिंदू संघ जिंकला. १९२६ साली विलायतेचा संघ मुंबईत आला असताना सी. के. नायडूंनी ११ षटकार मारून १५३ धावा काढल्या, ती खेळी जुने लोक अजून सांगतात. त्या दिवशी नायडूंचा कप्तान विठ्ठल होता. गणपतबद्दल मी फार बोललो नाही. तो चांगला खेळे, पण बिचारा लवकर गेला.

विठ्ठल यांनी पुढे मराठीत आत्मचरित्र लिहिले, 'माझे क्रीडा-जीवन', १९४८ साली. पुढे लोक या भावांना बरेचसे विसरले. २००२ साली रामचंद्र गुहा या इतिहासकारांनी इंग्रजीत मोठे पुस्तक लिहिले, तेव्हा शिकलेल्या लोकांत त्यांची पुन्हा चर्चा सुरू झाली.

खेळ सुटल्यावर बाळू समाजाच्या कामात पडले. १९३२ साली येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी उपास केला आणि पुणे करार झाला. दलितांना कायदेमंडळात राखीव जागा कशा द्यायच्या, याचा तो करार. त्या कागदावर बाबासाहेबांची सही आहे आणि बाळूंचीही सही आहे. पण पुढे दोघांच्या वाटा फुटल्या. बाबासाहेबांनी १९३५ साली येवल्याला हिंदू धर्म सोडण्याचे जाहीर केले. बाळूंना ते पटले नाही. ते गांधीजींच्या मताचे. १९३७ सालच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत थेट बाबासाहेबांच्या समोर उभे केले. हे काँग्रेसने बरे केले नाही असे मला वाटते. दोघेही लष्करी नोकरीतल्या बापाचे मुलगे, दोघांनीही तोच अपमान सोसलेला. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. बाळू २,०२० मतांनी हरले. बाबासाहेबांसमोर इतकी मते मिळाली, यावरून लोकांत त्यांची केवढी किंमत होती ते दिसते.

१९५५ च्या जुलै महिन्यात बाळू पालवणकर मुंबईत वारले. त्यांना आपल्या इकडेच, सांताक्रूझच्या स्मशानात नेले. भर पावसाळ्याचे दिवस. तरी त्यांना पोचवायला खेळाडू आले होते, राजकारणातली मोठी मंडळीही आली होती.